बगदादची अक्षरं

डब्लिन

ती. आप्पांस,
सा. न. वि. वि.

इथल्या किल्ल्याच्या आवारात चेस्टर बीटी संग्रहालय आहे. खाणींच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या या अमेरिकी गृहस्थांनी जन्मभर हस्तलिखितं जमवली. आज ती कुणीही फुकट पाहू शकतं. तिथलं हजार वर्षांपूर्वीचं एक कुराण पाहिल्यापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं. अक्षरातलं आपल्या घरात तुमच्याइतकं कुणाला कळतं?

इब्न अल-बव्वाब या सुलेखनकारांनी ते बगदादमध्ये हिजरी ३९१ साली, म्हणजे इ. स. १०००-०१ मध्ये लिहिलं. त्यांनी चौसष्ट कुराणं लिहिली असं परंपरा सांगते. त्यातलं एवढंच उरलं आहे. हातात सहज मावेल असं, कागदावरचं, पानाला पंधरा ओळी, तपकिरी शाई. 'नून' हे अक्षर ओळीखाली वाटीसारखं उतरतं. काचेला नाक लावून मी एका पानावरच्या तशा सगळ्या वाट्या पाहिल्या. खोली सगळ्यांची सारखी, पण एकही ठशातून काढल्यासारखी नाही. हात कुठे घाईला आलेला नाही, कुठे अडखळलेला नाही.

यामागे मोजमाप आहे. बोरूला तिरकी कत घ्यायची आणि टोक कागदावर एकदा टेकवायचं. जो शंकरपाळीच्या आकाराचा ठिपका उमटतो, तेच माप. अलिफ, म्हणजे उभ्या रेघेसारखं पहिलं अक्षर, त्याची उंची अशा ठिपक्यांत मोजायची आणि बाकीची अक्षरं अलिफवरून बेतायची. बोरू जाड घेतला की सगळं अक्षर त्याच प्रमाणात वाढतं. ही पद्धत बांधून देण्याचं श्रेय इब्न मुक्ला यांना देतात. ते बगदादचे वजीर होते. राजकारणात पुढे त्यांचा हात तोडला गेला. अशा माणसाचा हात तोडावा, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

सुरुवातीची पानं सोन्याची आणि निळाईची. एकात एक गुंफलेल्या चौकटींत हिशेब मांडलाय: ११४ सुरा (अध्याय), ६,२३६ आयती (वचनं), पुढे शब्द, अक्षरं, अगदी अक्षरांना लागणारे ठिपके, म्हणजे नुक्तेसुद्धा मोजलेले! लोक या पानांपाशी रेंगाळतात. मला मात्र आतलं साधं पानच थोर वाटतं. तिथे चूक झाकायला सोनं नाही.

आणि आप्पा, याच संग्रहात आपल्या शेजारच्या विजापूरचंही एक हस्तलिखित आहे, 'नुजूम अल्-उलूम'. अली आदिलशहाच्या काळातलं, १५७० चं, ग्रहताऱ्यांच्या विद्येवरचं, चित्रांनी भरलेलं. सोलापूरहून आपण इतक्यांदा विजापूरला गेलो, पण गोलघुमट पाहून परतायचो. तिथल्याच इब्राहिम रोजा या मकबऱ्याच्या दगडी खिडक्यांत अरबी अक्षरंच जाळीसारखी कोरली आहेत, त्यातून उजेड आत येतो. डिसेंबरात मी येते आहे, तेव्हा तिथे सकाळीच जाऊ. गुडघे साथ देत असतील तर पायऱ्या सावकाश चढू; घाई कसलीच नाही.

आजीला नमस्कार. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
मनू