फेन्सच सरळ नसेल तर ४५ डिग्रीचा काय उपयोग? मायटर सॉ बदलून देण्याबाबत तक्रार

प्रति,
कस्टमर केअर आणि सर्व्हिस विभाग

विषय: १० इंची स्लायडिंग मायटर सॉ (लाकूड कोनात कापायचं मशीन), फेन्स (लाकूड टेकवायची मागची पट्टी) आणि स्लाइड (ज्या रॉडवर हेड पुढं-मागं सरकतं ते) यांच्यातला दोष, सर्व्हिस सेंटरने तक्रार घेऊनही काहीच केलं नाही

नमस्कार,

नाशिकला सातपूरमधे माझं छोटं वर्कशॉप आहे, मी आणि दोन कारागीर, किचनचे शटर, वॉर्डरोब आणि सागाच्या फ्रेमची कामं करतो. तुमचं हे मशीन मी वर्कशॉपसाठीच घेतलं आणि घेताना डीलरला स्पष्ट सांगितलेलं की मला पॉवर जास्त नको, कट करेक्ट पाहिजे. १२ इंची पण होतं दुकानात, पण माझ्या पट्ट्या बहुतेक ७५ एमएमच्या, त्याला १० इंची भरपूर झालं आणि मोठ्या ब्लेडपेक्षा छोटं ब्लेड कमी लवचतं, ब्लेडचा खर्चही कमी येतो म्हणून विचार करून १० इंची घेतलं. बाकी दोन कंपन्यांपेक्षा तुमचं महाग होतं तरी बॉक्सवर "प्रिसिजन" लिहिलंय आणि प्रोफेशनल कामासाठी आहे असं डीलर म्हणाला म्हणून जास्तीचे पैसे दिले, आणि मशीन हप्त्यावर आहे हेही इथं सांगतो.

आता प्रॉब्लेम सांगतो. फेन्सचे डावा आणि उजवा असे दोन भाग आहेत आणि ते एका लाइनीत नाहीत. डाव्या फेन्सला स्ट्रेट एज (तपासायची सरळ पट्टी) टेकवून धरली की उजव्या बाजूला टोकाकडं जवळजवळ पाऊण एमएमचा उजेड दिसतो, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून बघितलंय, फोटो जोडलेत. म्हणजे २०० एमएम लांबीत पाव डिग्रीच्या आसपास फरक. बोल्ट ढिले करून गुण्या लावून डावी बाजू ब्लेडला काटकोनात घेतली की उजवी सुटते, उजवी घेतली की डावी सुटते, कारण फेन्स अख्खी एकाच कास्टिंगची आहे, दोन भाग वेगळे सेट करायची सोयच नाही. हा काही सेटिंगचा प्रॉब्लेम नाही, फॅक्टरीत मशिनिंगच वाकडं झालंय.

तुमच्या सर्व्हिस सेंटरच्या माणसानं मशीन बघितलं, स्लाइडला ग्रीस लावलं आणि म्हणाला "लाकडाचं काम आहे साहेब, एवढं चालतं". मला या वाक्याचा खरंच राग आलाय. लाकडाच्या कामात किती चालतं हे मी सांगतो.

एका शटरच्या चौकटीला चार पट्ट्या, ४५ डिग्रीचे आठ कट. प्रत्येक पट्टीचं एक टोक डावीकडं कापलं जातं आणि एक उजवीकडं. डावी बाजू करेक्ट सेट केली तरी उजवीकडचे चार कट पाव डिग्रीनं चुकतात, चारही जोड मिळून एक डिग्री. तीन कोपरे दाबून चिकटवले की सगळी चूक चौथ्या कोपऱ्यात येते आणि ७५ एमएमच्या पट्टीत तिथं पावणेदोन-दोन एमएमची फट पडते. साधी चौकोनी पट्टी असेल तर उलटून दोन्ही टोकं डाव्या बाजूलाच कापता येतात, पण पट्टीला गोला (काठाला गोलाई) मारलेला असेल किंवा काचेसाठी मागं खाच असेल तर ती उलटता येत नाही, म्हणजे नेमकी महागडी कामंच या मशीनवर होत नाहीत. एमडीएफवर पेंट असेल तर लांबी (पुट्टी) भरून फट दिसू देत नाही कोणी, ते पण काही महिने, नंतर त्याच लाइनीत पेंटला चीर येते. सागाला तर पॉलिश असतं, तिथं फट बुजवलेली काळी रेघ हॉलमधे शिरणाऱ्या माणसाला पहिली दिसते. गंगापूर रोडच्या एका फ्लॅटचं काम मला परत करून द्यावं लागलंय, लाकूड माझ्या खिशातून.

आणि हो, "नाशिकला पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं" हे पण मला फोनवर ऐकवलं. लाकूड फुगतं आकसतं हे मला माहितीय, सागाचा मायटर जोड त्यामुळं आतून नाहीतर बाहेरून उघडतो हे पण माहितीय. म्हणूनच टेस्ट एमडीएफवर केली, कापल्या कापल्या लगेच. १५० एमएम रुंदीचा सरळ काठाचा तुकडा उजव्या फेन्सला लावून ९० ला मधोमध कापला, एक अर्धा उलटा केला, दोन्ही स्ट्रेट एजला टेकवून जुळवले, या पद्धतीत चूक दुप्पट होऊन दिसते, आणि सव्वा एमएमच्या वर फट दिसली. डाव्या फेन्सवर हीच टेस्ट केली तर फट नाही. याचा पावसाशी काय संबंध?

दुसरी गोष्ट स्लाइडची. हेड पूर्ण पुढं ओढलं की हाताने बाजूला हलतं, रॉडच्या बेअरिंगमधे प्ले (ढिलेपणा) आहे. त्यामुळं रुंद फळी कापताना कटाला बाक येतो. ब्लेडला दोष देऊ नका, ८० दातांचं नवीन टीसीटी (कार्बाइड टिपचं) ब्लेड, निगेटिव्ह हुकचं (दात मागं कललेलं), स्लायडिंग मशीनला लागतं तेच आहे, आणि तेच ब्लेड मित्राच्या मशीनवर लावून बघितलं तर कट आरशासारखा येतो. अंबडच्या एका टूलरूममधल्या ओळखीच्या मुलाला डायल गेज घेऊन बोलावलं, तो म्हणाला फ्लँजचा (ब्लेड बसतं त्या चकतीचा) रनआउट, म्हणजे फिरताना होणारं डगमगणं, ठीक आहे, मग जे चांगलं आहे ते चांगलं म्हणतोय मी, मोटर पण दमदार आहे. पण फेन्स आणि स्लाइड ठीक नसतील तर त्या मोटरचा मला काय उपयोग?

मी तुमच्या सर्व्हिसला एकच प्रश्न लावून धरलाय, फेन्सची सरळता किती एमएमच्या आत पाहिजे? "टॉलरन्समधे (चालण्याइतक्या फरकात) आहे" म्हणता तर तो टॉलरन्सचा आकडा सांगा. कोणीही सांगत नाही. बॉक्सवर वॉट आहेत, आरपीएम आहे, कटची उंची रुंदी आहे, मॅन्युअलमधे पण तेच. ज्या गोष्टीसाठी कॅबिनेटवाला मायटर सॉ घेतो तिचाच आकडा कुठं नाही. आमच्यासारख्यानं मग मशीन निवडायचं कशावरून, रंगावरून? सातपूर अंबडमधे शंभर मायक्रॉनच्या (०.१ एमएम) आत काम करणारी किती वर्कशॉप आहेत, तिथं टॉलरन्स न लिहिता ड्रॉइंग दिलं तर कोणी जॉब हातात घेत नाही.

शेवटी तुमच्या माणसानं सांगितलं की कमर्शियल वापर आहे म्हणून वॉरंटी लागू नाही. डीलरनं प्रोफेशनल मशीन म्हणून विकलं आणि प्रोफेशनल माणसानं वापरलं की वॉरंटी गेली, हे कसं चालेल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २(७) वाचा, स्वयंरोजगारातून फक्त पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कमर्शियल वापरात धरत नाहीत.

माझ्या मागण्या: मशीन बदलून द्या, आणि नवीन मशीन वर्कशॉपवर माझ्यासमोर तपासून द्या. ते जमणार नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करा. आणि फेन्सची सरळता आणि स्लाइडचा प्ले किती चालतो ते कंपनीच्या लेटरहेडवर लेखी द्या, मशीन बदललं तरी हे मला पाहिजेच. १५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही.

बिल, फोटो, टेस्टचा व्हिडिओ आणि सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डची कॉपी सोबत जोडलीय. ज्याला पाठवाल त्याच्याकडं स्ट्रेट एज आणि फीलर गेज द्या, ग्रीस नको.

तुमचा ग्राहक,
सातपूर, नाशिक