दिवाळी नाही, संक्रांत

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

आधी कामाचं सांगते. दिवाळीची तिकिटं काढू नका. बाबा, रात्री अकराला स्वस्त दिसली तरीही नाही. आता संक्रांत साताऱ्यात करा, तिळगूळ वाटा आणि मग निघा. फ्लोरिडाच्या खोलीचे कागद अजून आमच्या नावावर झालेले नाहीत. फोनवर मी "जरा लांबलंय" म्हणाले तर आई एकदम गप्प झाली. तू गप्प झालीस की मला रात्रभर झोप लागत नाही, म्हणून आज सगळं नीट लिहिते. पैसे बुडालेले नाहीत आणि कोणी फसवलेलंही नाही. उशीर कागदांचा आहे.

बाबा, त्या हिरव्या फाइलीतल्या जुन्या सौद्याचा विषय मी काढणार नाही. पण ती डोळ्यांसमोर ठेवूनच हा सौदा केला आहे, एवढं माना. यात हॉटेलच्या हॉलमध्ये चहा-सामोसा देऊन कोणी सही घेतलेली नाही. आधीच्या मालकाकडून दलालामार्फत घेतलं आहे आणि त्याचा रीतसर दस्त नोंदला जाणार आहे. वस्तू अशी: ऑर्लँडोजवळ डिस्ने व्हेकेशन क्लबचं साराटोगा स्प्रिंग्ज नावाचं रिसॉर्ट आहे, तिथला दर वर्षी १५० पॉइंटांचा हक्क. पॉइंट देऊन तिथली खोली काही रात्रींसाठी बुक करायची. हा हक्क ३१ जानेवारी २०५४ पर्यंतचा, लीजहोल्ड, म्हणजे मुदतीचा भाडेपट्टा. त्यानंतर सगळं डिस्नेकडे परत. त्यामुळे याला गुंतवणूक म्हणू नका, मीही म्हणत नाही. दर जानेवारीला देखभालीचे पैसे भरावे लागतात, पॉइंटमागे साधारण ८ ते १० डॉलर, आणि ते वाढत जातात. दुसऱ्याकडून घेतलेल्या पॉइंटांवर बंधनंही आहेत. १९ जानेवारी २०१९ नंतर असे घेतलेले पॉइंट रिव्हिएरा आणि त्यानंतरच्या नव्या रिसॉर्टांत चालत नाहीत, जुन्या चौदांतच चालतात. आपल्याला नवं काही नकोच आहे. आपल्याला लिफ्ट हवी.

खरं सांगायचं तर लिफ्टवरूनच रिसॉर्ट ठरलं. 'ओल्ड की वेस्ट' नावाचं क्लबचं दुसरं रिसॉर्ट जुनं आणि खोल्या ऐसपैस, पण तिथल्या बहुतेक इमारतींना लिफ्ट नाही, आणि बऱ्याचशा हक्कांची मुदत २०४२ ला संपते. बाबांच्या गुडघ्यांना दोन जिने रोज वर-खाली चालणार नाहीत. साराटोगात लिफ्ट आहे, आतल्या आत फिरायला बस आहे आणि डिस्ने स्प्रिंग्जच्या बाजाराला जायला बोट आहे. आई, बोटीत बसायला पायऱ्या नाहीत, ते मी आधीच विचारून घेतलं.

आता उशीर कुठे झाला ते. बाबा, तुमचा जन्म दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेला, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. विकणारा आणि घेणारा यांचा करार झाला की तो आधी डिस्नेकडे जातो. त्याच भावाने तो स्वतः घ्यायचा पहिला हक्क त्यांचा, आणि उत्तर द्यायला ३० दिवस. तेवढे दिवस नुसतं थांबायचं. भाव फार पाडून घेतलेला असेल तर डिस्ने सौदा स्वतःच उचलते. घेणाऱ्याला इसार परत मिळतो, पण महिना गेलेला असतो आणि पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध. म्हणून आम्ही अगदी तळाचा भाव लावला नाही. हा टप्पा सुखरूप पार पडला.

मग डिस्नेकडून एस्टॉपेलचा दाखला येतो. खात्यावर खरोखर किती पॉइंट आहेत, देखभालीची बाकी किती, कर्ज आहे का, हे त्यात असतं. सगळ्यात जास्त घोळ इथे निघतात. जाहिरातीत "दोन वर्षांचे पॉइंट शिल्लक" असतं आणि दाखल्यात एक वर्ष गायब, कारण मालकाने मधल्या काळात खोली बुक करून टाकलेली असते. आमच्या दाखल्यातले आकडे कराराशी जुळले. मी एकेक ओळ ताडून पाहिली, तुम्ही शिकवलंत तशी, पट्टी ठेवून.

गाडी अडली ती यानंतर, विकणाऱ्यांच्या सह्यांवर. मूळ दस्त नवरा-बायकोच्या नावावर आहे आणि त्यातले गृहस्थ आता नाहीत. फ्लोरिडात नवरा-बायकोने मिळून घेतलेली मिळकत मागे राहिलेल्याकडे आपोआप येते. तरी मृत्यूच्या दाखल्याची प्रमाणित प्रत काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्यात, नोंदवावी लागते, नुसती झेरॉक्स चालत नाही. त्या बाई राहतात कॅनडात, ऑन्टारिओला. फ्लोरिडाच्या दस्तावर विकणाऱ्याची सही दोन साक्षीदारांसमोर आणि नोटरीपुढे लागते, आणि ती नोटरी व्यवहार पार पाडणाऱ्या कंपनीला मान्य हवी. त्यातून परदेशी माणसाने अमेरिकेतली मिळकत विकली की विक्रीच्या रकमेच्या १५ टक्के इथल्या आयकर खात्यासाठी कापून ठेवावे लागतात. ते कापायची जबाबदारी कायद्याने घेणाऱ्यावर, म्हणजे आमच्यावर. नाही कापले तर वसुली आमच्याकडून. त्यासाठी बाईंचा इथला कर क्रमांक लागतो. तो त्यांच्याकडे नव्हता आणि त्याचा अर्ज टपालाने जाऊन वेळ खातो. सगळं सरळ असतं तर दीड-दोन महिन्यांत असा सौदा संपतो. इथे एकामागून एक तीन कागद आले, आणि एक आल्याशिवाय पुढचा हलत नाही.

बाई मुद्दाम अडवत नाहीयेत. नवऱ्याच्या नावाचे कागद पुन्हा पुन्हा काढायचे, प्रत्येक खिडकीवर तेच सांगायचं, यात वेळ जातोच. मला त्यांना घाई करवत नाही. दलालाला मात्र दर सोमवारी मेल जाते: कुठला कागद, कोणाकडे, कधीपर्यंत. "चालू आहे" हे उत्तर मी घेत नाही.

आमचे पैसे व्यवहार पार पाडणाऱ्या कंपनीच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे सौदा होईपर्यंत तिऱ्हाइताकडे राखलेले, आहेत. दस्तावर सह्या झाल्याशिवाय ते बाईंना मिळणार नाहीत आणि सौदा मोडला तर करारातल्या अटींप्रमाणे आम्हाला परत येतील. पाठवताना खाते क्रमांक मेलवर आला होता. तो मी कंपनीच्या छापील नंबरवर स्वतः फोन करून तोंडी जुळवून घेतला, कारण मधल्या मधे खोटी मेल पाठवून खाते बदलायचे प्रकार होतात. बाबा, तुम्हीही कुणाला ऑनलाइन पैसे पाठवाल तर हे कराच.

"मग सोडून द्या आणि दुसरा बघा," असं तुम्ही म्हणाल. आम्ही त्यावर खूप विचार केला. दुसरा बघायचा म्हणजे डिस्नेचे ते तीस दिवस पुन्हा. शिवाय या खात्यात मागच्या वर्षीचे राखलेले १५० पॉइंट आहेत. या खात्याचं वर्ष फेब्रुवारीला सुरू होतं. राखलेले पॉइंट दुसऱ्यांदा पुढे ढकलता येत नाहीत, ३१ जानेवारीपर्यंत तिथे राहून संपवावे लागतात. चालू वर्षाचे १५० पुढे न्यायचे तर पहिल्या आठ महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत न्यावे लागतात. खातं अजून बाईंच्या नावावर, त्यामुळे ते काम त्यांनीच करायचं. करारात तशी अट घातली होती आणि त्यांनी ते वेळेत केलं. आणखी एक अट आहे: सौदा लांबून जुने पॉइंट वापरता आले नाहीत तर त्यांची किंमत भावातून वजा. म्हणजे तोटा झालाच तर तो वेळेचा, पैशाचा नाही.

म्हणून संक्रांतीनंतरचा, जानेवारीतलाच आठवडा. १५० पॉइंटांत वन-बेडरूमच्या पाच रात्री बसतात. साराटोगा खूप मोठं आहे, त्यामुळे आधी बुक केलेलं नसलं तरी तिथे जागा मिळायची शक्यता चांगली असते. हवाही दिवाळीपेक्षा बरी, सकाळी स्वेटर लागेल एवढीच थंडी. आणि ऑर्लँडो नाहीच जमलं तरी तुमचं तिकीट आमच्याकडे न्यूअर्कपर्यंतचंच असेल. घरी नात आहे, तुमची खोली आहे, खिडकीजवळची आरामखुर्ची आहे.

आता जे फोनवर बोलवलं नाही ते. कागदावर तुमची नावं मी घातलेली नाहीत. आई, तू मागे म्हणाली होतीस, "आमचंही नाव असेल ना गं?" आणि मी विषय बदलला. मनात काही आणू नकोस. नाव घातलं की ही बाबांची परदेशातली मालमत्ता होते आणि दर वर्षी आयकर विवरणात शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं. एक वर्ष राहिलं तर दंडाची कटकट. पुढे कधी विकायचं झालं तर तुमच्या दोघांच्या सह्या नोटरीसमोर लागणार, म्हणजे साताऱ्याहून मुंबईला, बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत आधी वेळ घेऊन जायचं आणि तिथे एका शिक्क्याचे ५० डॉलर. शिवाय ते १५ टक्के तुमच्या वाट्याचेही कापले जाणार. आणि त्या कॅनडातल्या बाई आज ज्या खिडक्यांवर उभ्या आहेत, तिथे आपल्या घरातल्या कोणाला उभं राहायला लागू नये. याहून जास्त लिहवत नाही. राहायला नाव लागत नाही, बुकिंगमध्ये पाहुणे म्हणून तुमची नावं पहिली असतील. दस्त नोंदला की ऑरेंज काउंटीच्या कम्प्ट्रोलरच्या, म्हणजे तिथे दस्त नोंदणाऱ्या अधिकाऱ्याच्या, संकेतस्थळावर तो कोणालाही बघता येतो. बाबा, मी तुम्हाला दुवा पाठवीन, तुम्ही साताऱ्यात बसून वाचा आणि चूक दिसली तर सांगा. शंभर डॉलरला ७० सेंट मुद्रांक बसतो, तेवढं जरूर तपासा. नोंदणीनंतर डिस्ने आपल्या नावाचा सदस्य क्रमांक देते, मग खात्यात पॉइंट दिसतात, यात आणखी काही आठवडे जातात. पॉइंट दिसले की मी खोली घेईन आणि त्याच दिवशी तुम्हाला तिकिटं काढायला सांगेन. त्याआधी नाही.

आई, वन-बेडरूममध्ये पूर्ण स्वयंपाकघर आहे: चार शेगड्या, ओव्हन, मोठा फ्रिज, भांडी, कपडे धुवायचं आणि वाळवायचं यंत्र. स्टुडिओत, म्हणजे एकाच खोलीच्या जागेत, शेगडी नसते, मायक्रोवेव्ह असतो, त्यावर तुझा चहा होणार नाही, म्हणूनच तो घेतला नाही. छोटा कुकर आण. फोडणी टाकताना वरचा पंखा लाव, नाहीतर धुराचा भोंगा वाजेल. पिठलं, गरम भात आणि वर तुझ्या हातचं तूप, एवढं मला पाचही दिवस पुरेल. गोधडी आण, तीच, तुझ्या जुन्या नऊवारीची. महाबळेश्वरला पावसात मी तिच्यात शिरून बसायचे आणि बाबा बाहेरून ओढायचे. आता ओवी शिरेल.

आता ऐका, आणि "बरं" म्हणून विसरू नका. ओला कढीपत्ता आणायचा नाही. आई, पिशवीच्या तळाशीही नाही, विमानतळावर काढून घेतात. ताजी फळं नकोत. लोणचं सीलबंद बाटलीत, सामानाच्या बॅगेत. औषधं मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत, पुरून उरतील एवढी. तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागायची. बाबा, लाज वाटायचं कारण नाही, न्यूअर्कला चालायचं अंतर खूप आहे आणि रांगेत उभं राहायला लागत नाही. प्रवासाचा विमा मी इथून काढते, तुम्ही बँकेतल्या माणसाचं ऐकून दुसरा काढू नका. पासपोर्टची मुदत आजच बघा. गुडघ्यांचे व्यायाम रोज, वीस मिनिटं, आणि संध्याकाळचं फिरणं अजिंक्यताऱ्याच्या चढावर नको, सपाटीवर.

आणि बाबांच्या साखरेचा रिपोर्ट आला की व्हॉट्सअॅपवर पाठवा. सगळी पानं पाठवा, नुसतं पहिलं नको.

तुमची,
मनू