श्रेयनामावली मोबाइलच्या पडद्यावरही हवी

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

लोकप्रिय संस्कृती आता स्मार्टफोनवरच्या अ‍ॅपमधून घडते, याविषयी वृत्तपत्रांतून बरेच लिहिले जाते. मात्र ते लेखन बहुधा प्रेक्षकांच्या किंवा कलाकारांच्या बाजूने झालेले असते. मी दूरचित्रवाणी मालिकांच्या छायाचित्रण विभागात फोकस पुलर आहे. दृश्य सुरू असताना कलाकार पुढेमागे होईल तसे त्याच्या डोळ्यांपासून कॅमेऱ्यापर्यंतचे अंतर सांभाळून चित्र स्पष्ट ठेवणे, हे माझे काम. कॅमेऱ्यामागच्या माणसांना हा बदल कसा दिसतो, हे आपल्या वाचकांपुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

अ‍ॅपमुळे आमचे काम कितीतरी सोपे झाले आहे, हे आधी सांगायला हवे. बाहेरच्या चित्रीकरणाची जागा ठरवताना तिथे कोणत्या वेळी ऊन कोणत्या बाजूने येईल, हे फोनवर आधीच पाहता येते. कोणती लेन्स लावल्यावर फ्रेममध्ये किती मावेल, याचा अंदाज कॅमेरा पेटीतून काढण्यापूर्वी दिग्दर्शकाला घेता येतो. आणि लेन्सचे छिद्र किती उघडल्यास किती अंतरापर्यंत चित्र स्पष्ट राहील, हे गणित मी स्वतः अ‍ॅपवरच करते. कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटपासून दुसऱ्या शॉटपर्यंत कपडे-वस्तूंचा मेळ, पाहणाऱ्यांना पूर्वी झटपट छापून निघणारी छायाचित्रे वहीत चिकटवून ठेवावी लागत, ती आता फोनमध्ये दृश्यवार लावलेली असतात. तेव्हा फोनविषयी माझ्या मनात अढी नाही.

मला काळजी वाटते ती आमचे काम त्याच फोनवर पुन्हा कसे पोहोचते याची. मालिकेचे दृश्य आज अनेकांना पूर्ण भागातून भेटतच नाही. वीस-तीस सेकंदांची क्लिप म्हणून भेटते, आणि तीही उभ्या चौकटीत. आम्ही चित्रीकरण करतो ते १६:९ या आडव्या प्रमाणात. त्यातून ९:१६ची उभी चौकट कापली, की मूळ चित्राच्या २५६ भागांपैकी केवळ ८१ भाग उरतात, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. ही कापाकापी पुष्कळदा स्वयंचलित असते आणि चेहरा सापडेल तिकडे चौकट सरकते. समजा, एका टोकाला आई बसली आहे, दुसऱ्या टोकाला मुलगी उभी आहे आणि मधली मोकळी जागा दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवलेली आहे, कारण त्या दोघींतला दुरावा त्या जागेतूनच कळायचा आहे. आई एक वाक्य बोलते, आणि ते संपताना मी फोकस आईवरून मुलीवर नेते. लेन्स बरीच उघडी असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम दोन-तीन बोटांचा असतो. मुलीने श्वास घेताना मान किंचित पुढे आणली तरी तेवढे अंतर मला त्याच क्षणी भरून काढावे लागते. उभ्या चौकटीत मात्र आईच शिल्लक राहते. मुलगी दिसत नाही, दुरावा दिसत नाही, आणि आईचा चेहरा एकाएकी धूसर झालेला तेवढा दिसतो. ते पाहणाऱ्याला कॅमेऱ्याचे काम ढिसाळ वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

प्रेक्षकांनी दृश्यांशी खेळू नये, असे मी म्हणत नाही. एखादा संवाद उचलून त्यावर मीम करणे किंवा त्याला वेगळे संगीत लावणे यांत खरी कल्पकता असते, आणि आपण टिपलेला क्षण लोकांच्या रोजच्या बोलण्यात गेलेला पाहून आम्हाला आनंदच होतो. पण या प्रवासात तो क्षण घडवणाऱ्यांची नावे पूर्णपणे गळून पडतात. फार तर कलाकाराचे आणि मालिकेचे नाव उरते. संवाद कोणी लिहिला, प्रकाश कोणी बांधला, तो अवघड श्वास कोणत्या ध्वनिमुद्रकाने इतका स्वच्छ पकडला, ते दृश्य नेमक्या जागी कोणत्या संकलकाने तोडले, याचा मागमूसही उरत नाही.

ही घसरण अ‍ॅपपासून सुरू झाली असे मात्र नाही. अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने १९९४ मध्येच शेवटची श्रेयनामावली पडद्याच्या एका भागात दाबून उरलेल्या जागेत पुढच्या कार्यक्रमाची झलक दाखवायला सुरुवात केली होती. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सने शीर्षकदृश्य ओलांडून जाण्याचे बटण आणले. आता भाग संपला, की नामावली कोपऱ्यात आक्रसते आणि पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू होते. तरीही पूर्ण भागात ती नावे कुठेतरी असतात आणि ज्याला हवी तो थांबून वाचू शकतो. क्लिपमध्ये ती सोयच नाही.

आमच्यापैकी बहुतेकांना कायमची नोकरी नसते. एक मालिका संपली, की पुढचे काम आधीच्या कामावरून मिळते, आणि आधीचे काम कोणाचे होते हे सांगणारी सर्वांसमोरची नोंद म्हणजे ती नामावली. नव्याने आलेल्या लाइटमनला किंवा वेशभूषेतल्या साहाय्यकाला तिचे मोल किती असते, हे मी जवळून पाहिले आहे.

मला सर्वांत अधिक खटकते ते पुढेच. ओळख पटवण्याचे तंत्र जुने आहे आणि उत्तम चालते. शॅझॅम ही सेवा ब्रिटनमध्ये २००२ मध्ये सुरू झाली, तेव्हा अ‍ॅप नव्हतेच; २५८० हा क्रमांक फिरवून फोन गाण्याजवळ धरायचा आणि गाण्याचे नाव संदेशाने यायचे. यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा २००७ पासून आहे, आणि कोणी उचललेले दृश्य किंवा ध्वनी कोणाच्या मालकीचा आहे हे ती शोधून काढते. छोट्या व्हिडिओंच्या अ‍ॅपवर तर क्लिपखाली वापरलेल्या गाण्याचे नावही दिसते, त्यावर बोट ठेवले की तेच गाणे वापरलेले इतर व्हिडिओ समोर येतात. म्हणजे मालकाला शोधण्याची सोय झाली, गाण्याला नाव मिळाले; त्याच क्लिपमधले चित्र मात्र निनावी राहिले. संगीत कंपन्यांनी आपला हक्क नेटाने मागितला. चित्र घडवणाऱ्यांच्या वतीने तसा आग्रह कोणी धरलेला मला दिसत नाही.

फोनचा पडदा लहान आणि नामावली लांब, ही अडचण खरी आहे. पण सगळी नावे क्लिपवर छापावीत अशी मागणीच नाही. गाण्याच्या नावाशेजारी मालिकेचे नाव आणि भागाचा क्रमांक असावा, आणि त्यावर बोट ठेवताच त्या भागाची पूर्ण नामावली उघडावी, एवढे पुरेसे आहे. त्यासाठी निर्मात्यांनाही एक गोष्ट करावी लागेल. आज नामावली केवळ सरकते चित्र म्हणून भागाला जोडलेली असते. प्रत्येक भागासोबत तीच नावे शोधता येतील अशा मजकुराच्या स्वरूपात वाहिनीला आणि अ‍ॅपला दिली, तर ती दृश्याबरोबर पुढे जाऊ शकतील. हे काम अवघड नाही, कारण ती यादी निर्मितीच्या कार्यालयात टंकलेली असतेच.

आपल्याकडेही एक विनंती आहे. एखादे दृश्य समाजमाध्यमांवर गाजले, की त्याची बातमी मनोरंजनाच्या पानावर येते आणि सोबत कलाकाराचे छायाचित्र असते. त्या बातमीत दिग्दर्शकाबरोबर त्या भागाचे लेखक, छायाचित्रकार, संकलक आणि ध्वनिमुद्रक यांचीही नावे द्यावीत. त्याला दोन ओळींहून अधिक जागा लागणार नाही, आणि निर्मितीच्या कार्यालयात एक फोन केला तर ती नावे त्याच दिवशी मिळतील.

कळावे,

आपली नम्र,
दूरचित्रवाणी मालिकांच्या छायाचित्रण विभागातील एक फोकस पुलर