मुंबईच्या पावसासाठी जादा पुडी देणाऱ्या उस्तांना

उस्ता (तुमच्याकडे कसबी कारागिराला हेच म्हणतात ना), सप्रेम नमस्कार.

मराठी तुम्हाला वाचता येणार नाही, तरी तुमचे आभार चारचौघांत मानायचे आहेत. इस्तंबूलच्या एमिनोन्यूतल्या तुमच्या दुकानात 'मुंबई' आणि 'पाऊस' एवढंच तुमच्या कानावर पडलं, आणि लोकुमचा, म्हणजे 'टर्किश डिलाइट'च्या वड्यांचा, बांधलेला डबा तुम्ही पुन्हा उघडलात. थरांमध्ये स्टार्च-पिठीसाखरेचं मिश्रण आणखी भुरभुरवलंत, वर त्याचीच एक कागदी पुडी ठेवलीत. हिशेबात ती धरलीही नाहीत.

नुसती पिठीसाखर दमट हवेत पाणी ओढते आणि वडीला घाम फुटतो. स्टार्चमुळे तो ओलावा बराच आटोक्यात राहतो. हे प्रत्येक विकणाऱ्याला ठाऊक असतं, सांगतो कोण? त्याच बाजारातल्या एका झगमगीत दुकानाने चवीला पिस्त्याची सुरेख वडी पुढे केली आणि डब्यात भलताच माल भरला. गडद रंगाचा, दाताला चिकटणारा, जिभेवर कच्च्या पिठाची चव ठेवणारा. ही घाईची फळं. साखर, पाणी, स्टार्च मंद आचेवर तास-दोन तास सतत घोटावं लागतं. लिंबू किंवा क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पूड) कमी पडलं तर पाक साखरतो आणि वडी करकरते. ट्रेमध्ये दिवसभर निवायच्या आत सुरी लावली तर कडा ओघळतात. तुमची 'चिफ्ते काव्रुल्मुश', म्हणजे जास्त आटवलेली, पिस्ते ठासलेली वडी, बोटाने दाबली की लगेच वर येते. आमच्या कराची हलव्यासारखीच, फक्त तुपाविना.

डबा फ्रिजबाहेरच आहे. गार वडीवर हवेतलं बाष्प बसतं आणि वरच्या मिश्रणाचा चिखल होतो. घाम आलेल्या वड्या कोरड्या कापडाने टिपून, पंख्याखाली सुकवून पुन्हा घोळवायच्या. पुडी संपली की कॉर्नफ्लोर आणि पिठीसाखर समभाग.

पर्यटक पुन्हा येत नाही, त्यामुळे त्याला फसवण्यात धोका नसतो. तसा त्याची काळजी वाहण्यात फायदाही नसतो. तरी तुम्ही ती वाहिलीत. तुर्की कॉफीची परंपरा युनेस्कोने २०१३ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. अशा पुड्यांची नोंद कुठल्या यादीत होत नाही, म्हणून इथे करतोय.

कॉफीचं म्हणाल तर ७० मिलीच्या कपाला ७ ग्रॅम, अगदी पीठ करून दळलेली, आणि थंड पाणी. साखर हवीच असेल तर सुरुवातीला, कारण नंतर ढवळलं की गाळ उठतो. लोकुम असताना 'सादे', म्हणजे बिनसाखरेचीच बरी. जेझ्वे, म्हणजे लांब दांड्याचं कॉफीचं छोटं भांडं, मंद आचेवर ठेवायची, चढलेला फेस आधी चमच्याने कपात घ्यायचा, उरलेली पुन्हा चढवून ओतायची. खळखळून उकळली की फेस गेलाच. गाळ बसेपर्यंत दोन मिनिटं पाण्याचे घोट. वडी कॉफीच्या आधी की नंतर, हा वाद तुमचा तुम्ही मिटवा. आमच्याकडे अर्धी आधी, अर्धी शेवटी.

आपला कृतज्ञ,
मुंबईचा एक गिऱ्हाईक