हेडिंग कोणी दिलं?

मा. संपादक, स.न.वि.वि.

लेकरांना अँटिबायोटिकचा (जंतू मारणाऱ्या औषधाचा) छोटा कोर्सही पुरतो, हा कालचा लेख वाचला. लेख चांगलाय, पण 'अँटिबायोटिक लवकर बंद करा' हे हेडिंग कोणी दिलं हो? आमच्याकडं अर्धे लोक हेडिंगच वाचतेत. आधीच ताप उतरला की बाटली फळीवर आणि पुढल्या खेपेला तीच धाकट्याला पाजायची, त्यात तुमचं हे! छोटा कोर्स म्हणजे डॉक्टरनं पहिल्याच दिवशी पाच दिवस लिहून देणं, घरच्यांनी मनानं बंद करणं नाही. आणि स्ट्रेप जंतूनं घसा सुजला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन १० दिवसच देतेत, नाहीतर पुढं हृदयाच्या झडपा खराब व्हायची भीती. दोन वर्षांखालच्या लेकराच्या कानात जंतूनं सूज आली तरी १० दिवस. हे एका चौकटीत बसलं नसतं का?

दुसरं, लेखात सगळं खापर पालकांवर. लांबलचक कोर्स आम्ही कधी मागितला? नातवाला साधा निमोनिया होता, ॲडमिट करायची गरज नाही म्हणाले आणि तालुक्याच्या दवाखान्यात १० दिवसांचं क्लॅव्हवालं (अमॉक्सिसिलिनमधे क्लॅव्ह्युलनेट मिसळलेलं) पातळ औषध लिहून दिलं. ३० मिलीची बाटली, ५ मिली दोन टाइम, म्हणजे तीन दिवसांत खलास, की पळा मेडिकलला. पाणी घातल्यावर फ्रिजमधे ठेवा म्हणे, इथं लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही. लेकराला पातळ संडास लागली, पोरगं पार कोमेजून गेलं. सुनेनं भीतभीत विचारलं, साहेब पाच दिवसांत भागणार नाही का, तर म्हणाले, "तुम्हीच लिहा मग चिठ्ठी." आता बोला!

अन् हे काय कालचं संशोधन नाही. आपल्याच देशात साध्या निमोनियाच्या लेकरांना अमॉक्सिसिलिन ३ दिवस आणि ५ दिवस देऊन बघितलं, गुण सारखाच आला, २००४ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे छापून आलंय. तेव्हा जन्मलेली पोरं आता कॉलेजात गेली, पण आमच्या दवाखान्यात १० चा आकडा काही हलला नाही. तुमच्या लेखकानं एखादा लेख डॉक्टर लोकांसाठी पण लिहावा, आम्हाला शहाणं करून चिठ्ठी थोडीच बदलणार आहे.

आणि हो, आमच्याकडं पेपर अकराशिवाय येत नाही, आरोग्याची पुरवणी तर दोन आठवड्यांपासून गायब. एजंटला विचारलं तर वर बोट दाखवतो. तेवढं बघा.

आपला जुना वाचक
(नाव छापू नये), सेलू, जि. परभणी