सर्व्हर स्वस्त आहे, जागल महाग आहे

प्रति,
मा. मंत्री महोदय,
माहिती तंत्रज्ञान विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय: विदर्भातल्या तीन तालुक्यांत विकेंद्रित, मुक्त-स्रोत समाजमाध्यम सुरू करण्याबाबत, आणि सुरू झाल्यावर ते बंद पडू नये याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

कास्तकारासाठी आणखी एक ॲप काढायचा विचार खात्यात कुठे चालू असेल, तर तो थांबवावा ही पहिली विनंती. ॲपाची गत काय होते ते 'कू'च्या बाबतीत सगळ्यांनी पाहिलं. २०२० मध्ये ते आलं, पुढच्या वर्षी केंद्रातल्या मंत्र्यांनी आणि खात्यांनी तिथे खाती उघडली, आणि जुलै २०२४ मध्ये कंपनीने काम गुंडाळलं. ॲप देशी होतं, मराठीतही चालत होतं. पण सगळं बिऱ्हाड एकाच घरात, आणि घर दुसऱ्याचं.

आम्ही ज्या रचनेबद्दल लिहीत आहोत ती ईमेलसारखी आहे. जीमेलवाला रेडिफवाल्याला मेल पाठवतो, दोघांच्या कंपन्या वेगळ्या असल्याने काही अडत नाही. तसंच धानोऱ्याच्या सर्व्हरवरचं खातं वरुडच्या सर्व्हरवरच्या खात्याला फॉलो करू शकतं. हे जोडणाऱ्या नियमावलीचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. तिच्यावर चालणारं सर्वांत परिचित सॉफ्टवेअर म्हणजे मॅस्टोडॉन. ऑयगेन रोख्को या जर्मनीतल्या तरुणाने ते २०१६ मध्ये आणलं. परवाना मुक्त आहे, म्हणजे जिल्हा परिषदेने ते उतरवून घेऊन चालवलं तर कोणाला छदाम द्यावा लागत नाही. व्हिडिओसाठी पीअरट्यूब, फोटोंसाठी पिक्सेलफेड, विषयवार चर्चेसाठी लेमी ही त्याच कुळातली. सुरुवातीला एकच घ्यावं, आणि ते मॅस्टोडॉन असावं. गोटूसोशल नावाचं हलकं सॉफ्टवेअर १ जीबी रॅमवरही चालतं, पण तक्रारी हाताळण्याची साधनं मॅस्टोडॉनमध्ये जास्त पक्की आहेत, आणि तालुक्याच्या कामात तीच आधी लागतात.

व्हॉट्सॲपचे ग्रुप असताना हे कशाला, असं कोणीही विचारेल. घरच्या निरोपांना ग्रुप ठीक आहेत, ते राहू द्यावेत. पण गेल्या हंगामात गुलाबी बोंडअळीवर कृषी सहायकाने काय लिहिलं होतं ते आज शोधून पाहावं: बॅकअप नसेल तर फोन बदलला की गेलं. ग्रुपात नसलेल्याला तर ते कधी दिसलंच नाही. शिवाय ग्रुपात आल्याबरोबर बाईचा मोबाईल नंबर सगळ्यांना दिसतो. बचत गटाच्या किती बाया त्यापायी गप्प बसतात किंवा ग्रुप सोडतात, हे गावात कोणालाही विचारावं. मॅस्टोडॉनवर नंबर लागतच नाही, आणि सार्वजनिक नोंद (पोस्ट) खातं नसलेल्यालाही ब्राउझरात उघडून वाचता येते.

आता प्रत्यक्ष मांडणी. सुरुवात नावापासून करावी, कारण ही एक चूक नंतर दुरुस्त होत नाही. डोमेन, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, एकदा ठरलं आणि सर्व्हर दुसऱ्या सर्व्हरांशी बोलू लागला, की ते नाव बदलता येत नाही. बदललं तर जुने सगळे धागे तुटतात, बाहेरच्यांच्या लेखी तो सर्व्हर मेलेला असतो. म्हणून डोमेन पंचायत समितीच्या नावावर घ्यावं, ठेकेदाराच्या नाही, आणि एकदम पाच-दहा वर्षांचे पैसे भरून टाकावेत. वर्षाला हजाराच्या आत काम होतं. ठेका संपल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही, आणि डोमेनच्या मुदतवाढीची मेल त्याच्याच इनबॉक्सात पडून राहते. डॉट भारतचं देवनागरी नाव घेण्याचा मोह होईल, पण सध्या आवरावा. मॅस्टोडॉनमधलं वापरकर्तानाव रोमन अक्षरांतच चालतं, आणि देवनागरी डोमेन बऱ्याच ठिकाणी एक्सएन-ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांच्या माळेसारखं दिसतं. सोबतचं दर्शनी नाव मात्र खुशाल देवनागरीत ठेवता येतं.

यंत्र पंचायतीच्या खोलीत ठेवू नये. उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस बसत नाही, आणि वीज कधी जाईल याचा नेम नाही. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर, २ कोअर, ४ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क, एवढ्यात दीडशे ते तीनशे खाती आरामात चालतात. भाडं महिन्याला दोन हजारांच्या घरात. मेल पाठवण्यासाठी वेगळी सेवा घ्यावी लागते, कारण बहुतेक भाड्याचे सर्व्हर मेल बाहेर सोडणारं २५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे दार, बंद ठेवतात. मेल खरंच आपल्याच डोमेनची आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या खुणा डोमेनच्या नोंदींत भरल्याशिवाय खातं पक्कं करण्याची मेल स्पॅममध्ये जाते. तालुक्याचा पहिला दिवस हमखास इथेच फसतो.

डिस्कचं एक गणित लक्षात ठेवावं. आपल्या दीडशे माणसांनी एकही फोटो टाकला नाही तरी डिस्क भरत जाते, कारण फॉलो केलेल्या बाहेरच्या खात्यांच्या फोटोंच्या प्रती सर्व्हर स्वतःजवळ ठेवतो. डिस्क तुडुंब झाली की डेटाबेस लिहायचं थांबतो आणि सगळंच बंद. यावर व्यवस्थापकाच्या पानावर मुदतीचे दोन रकाने आहेत. बाहेरच्या माध्यमांच्या प्रतींची मुदत ७ दिवस भरावी. गरज पडली तर त्या पुन्हा आणता येतात. दुसऱ्या रकान्यात मुदत भरली तर बाहेरच्या नोंदीच पुसल्या जातात, लोकांनी खुणा करून ठेवलेल्यासुद्धा, आणि त्या परत येत नाहीत. तो रकाना रिकामाच ठेवावा. दोन्ही एकाच पानावर आहेत, घाईत चूक होते.

यंत्र उभं राहिलं की पहिली अडचण येते ती रिकाम्या फळ्याची. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर रागावून भारतातून बरीच मंडळी मॅस्टोडॉनवर गेली आणि त्यातली पुष्कळशी परतली. नव्या सर्व्हरला जग दिसत नाही. त्यावरचं कोणीतरी ज्यांना फॉलो करतं, मुख्यतः त्यांच्याच नोंदी तिथे येतात. म्हणून लोकांना बोलावण्याआधी तीन आठवडे दहा-पंधरा कामाची खाती रोज चालवावीत: बाजार समितीचे भाव, महावितरणचा वीजबंदचा निरोप, प्राथमिक आरोग्य केंद्राची लसीकरणाची तारीख, एसटी आगाराच्या बदललेल्या फेऱ्या, कृषी सहायकाची कीड-नोंद. उद्घाटनाच्या दिवशी माणूस आला आणि त्याला आजचा तुरीचा भाव दिसला, तर तो उद्या येईल. नुसतं फीत कापलेलं छायाचित्र दिसलं तर येणार नाही. शेजारच्या सर्व्हरांचं सगळं एकदम ओतणारे रिले सुरुवातीला जोडू नयेत. फळा भरतो खरा, पण परक्या भाषेतल्या गर्दीने, आणि डिस्कही.

शोधाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मराठीची खरी अडचण इथे आहे. पूर्ण मजकुरात शोध घ्यायचा तर इलास्टिकसर्च नावाचं जड सॉफ्टवेअर वेगळं बसवावं लागतं, आणि ४ जीबीत ते मावत नाही. मग शोधाचा आधार उरतो हॅशटॅगचा. आता एकच पीक घ्या. कोणी कापूस लिहितो, कोणी कपाशी, आणि आमच्या भागात तर पऱ्हाटी. त्यातही 'ऱ्ह' दोन प्रकारे टंकता येतो. एका कीबोर्डवर टिंबाचा 'ऱ' उमटतो, दुसऱ्यावर साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला दोन वेगळे शब्द. एका टॅगवर टाकलेली नोंद दुसऱ्यावर सापडत नाही, आणि टाकणाऱ्याला वाटतं की आपलं कोणी वाचत नाही. 'शेतकऱ्यांसाठी', 'वाऱ्याचा वेग' या सगळ्यांची तीच कथा. उपाय साधा आहे. प्रत्येक तालुक्याने वीस-पंचवीस टॅग ठरवून फलकावर लावावेत, त्यात 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' येऊच देऊ नये: #कापूस, #बोंडअळी, #तूर, #संत्रा, #फळगळ, #धान, #तेंदूपत्ता, #वीजबंद. शब्द छोटे ठेवावेत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होणारे टाळावेत.

खातं काढायला ईमेल लागतो, ओटीपीवर भागत नाही. गावात बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये जीमेल असतोच. तो मोबाईलच्या दुकानदाराने काढून दिलेला असतो आणि पासवर्ड कोणालाच माहीत नसतो. फोन हातात आहे तोवर चालतं, फोन फुटला की खातंही गेलं. म्हणून नोंदणी शिबिरात आधी अर्धा तास जीमेलचा पासवर्ड आणि रिकव्हरी नंबर नीट करून घ्यावा, मग मॅस्टोडॉनचं खातं. एका बैठकीत वीसच्या वर माणसं घेऊ नयेत. वेगळं ॲप उतरवायचा आग्रह नको, ब्राउझरातून 'होम स्क्रीनवर जोडा' केलं की पुरतं. फोनमध्ये जागा असेल त्याने टस्की हे ॲप घ्यावं. व्हिडिओ आपोआप सुरू करणारा ऑटोप्ले बंद करून द्यावा, डेटा पॅक वाचतो. मॅस्टोडॉनचं मराठी भाषांतर अर्धवट आहे, मध्येच इंग्रजी उगवतं. राज्य मराठी विकास संस्थेला सांगून ते पूर्ण करून घेता आलं, तर त्याचा लाभ जगभरच्या मराठी माणसाला होईल, आणि खर्च नगण्य आहे.

इथवर जे लिहिलं ते दोन जाणत्या माणसांचं एका महिन्याचं काम आहे. आता मुद्द्याचं.

विदर्भात पीक उभं राहिलं की जागल आली. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांच्यापायी माणूस वावरात मचाणावर रात्र काढतो. कुंपण घातलं तरी जागल सुटत नाही. सर्व्हरचं तसंच आहे, आणि सरकारी योजनेत नेमकी हीच ओळ नसते. युरोपात काय झालं पाहा. युरोपीय संघाच्या डेटा संरक्षण पर्यवेक्षकांनी एप्रिल २०२२ मध्ये 'ईयू व्हॉइस' हा मॅस्टोडॉन सर्व्हर प्रयोग म्हणून सुरू केला आणि मे २०२४ मध्ये बंद केला. तंत्र चांगलं चाललं होतं, पुढे सांभाळायला दुसरी कोणती संस्था पुढे आली नाही. जर्मनीच्या केंद्रीय डेटा संरक्षण आयुक्तालयाने मात्र आपला सर्व्हर चालू ठेवला.

जागल कशाची, तेही लिहितो. फेब्रुवारी २०२४ मध्ये या सगळ्या जाळ्यावर स्पॅमची लाट आली. ती आली कुठून, तर नोंदणी सताड उघडी ठेवून मालकाने पाठ फिरवलेल्या छोट्या सर्व्हरांवरून. तेव्हा बाकीच्यांनी अशा सर्व्हरांशी जोडणी सरसकट तोडली. आपल्या तालुक्याचा सर्व्हर त्या यादीत जायला एक आठवड्याचं दुर्लक्ष पुरेल. म्हणून नोंदणी मंजुरीनेच व्हावी. त्याच महिन्यात दुसऱ्याचं खातं हडपता येईल अशी एक गंभीर त्रुटी मॅस्टोडॉनमध्ये सापडली, दुरुस्ती लगेच आली, पण ती प्रत्येक सर्व्हरवर कोणीतरी बसवावी लागते. निविदा काढून ते होत नाही, त्या दिवशीच करावं लागतं. बॅकअपचंही तेच. रोज रात्री डेटाबेसची प्रत दुसऱ्या ठिकाणी जावी, आणि तिच्यासोबत गुप्त किल्ल्यांची सेटिंग फाइलही. लोक डेटाबेस जपतात, फाइल विसरतात, आणि मग सर्व्हर पुन्हा धड उभा राहत नाही. दर तीन महिन्यांनी बॅकअप एकदा उघडून पाहावा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न उगवून पाहिलेलं बियाणं.

आणि माणसांची राखण. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेपायी पाच निरपराध माणसं जिवे मारली गेली. आपल्या सर्व्हरवर अशी नोंद आली तर राखणदार, म्हणजे नोंदींवर नजर ठेवणारा माणूस, ती काही मिनिटांत काढू शकतो, खातं गोठवू शकतो, बाहेरचा सर्व्हर तोडू शकतो. पण बाहेर गेलेल्या प्रती पुसण्याचा फक्त निरोप जातो, पाळला जाईलच याची हमी नाही. म्हणून राखणदार सांजच्याला आणि सुटीच्या दिवशीही हजर हवा, त्याला तिथली बोली कळायला हवी, आणि प्रत्येक तालुक्यात दोन राखणदार असावेत, त्यांपैकी एक बाई. धानोऱ्यात गोंडी कळणारं माणूस हवं. हे काम संगणक परिचालकाच्या गळ्यात आणखी एक लोढणं म्हणून अडकवू नये.

दोन गोष्टी थोडक्यात. मॅस्टोडॉनमधला खासगी निरोप व्हॉट्सॲपसारखा कुलूपबंद नसतो, सर्व्हर चालवणाऱ्याला तो वाचता येतो. आधार, सातबारा, बँकेचे कागद तिथे टाकू नयेत, हे नियमांत पहिल्या ओळीला लिहावं. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती सांगितली आहे, तेव्हा सुरुवातीला खाती प्रौढांनाच द्यावीत. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव पहिल्या पानावर असावं.

तीन तालुके आम्ही सुचवतो. कापसासाठी केळापूर, संत्र्यासाठी वरुड, आणि ग्रामसभांसाठी धानोरा. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं मेंढा-लेखा याच धानोरा तालुक्यात आहे. ठराव आणि तेंदूपत्त्याच्या लिलावाच्या सूचना सगळ्यांसमोर ठेवणं तिथल्या लोकांना नव्याने शिकवावं लागणार नाही.

आमच्या अंदाजाने खर्च असा. तिन्ही सर्व्हरांना मिळून एक तंत्रज्ञ, महिना ३०,००० रुपये. सहा राखणदार, प्रत्येकी ८,००० प्रमाणे ४८,०००. तीन सर्व्हर, मेल आणि बॅकअपसकट प्रत्येकी २,५०० प्रमाणे ७,५००. एकूण महिन्याला ८५,५००, वर्षाला १० लाख २६ हजार. यात यंत्रावर दहा रुपयांतला एक रुपयाही जात नाही. म्हणून काटछाट करायची वेळ आली तर सर्व्हर तीनचे दोन करावेत, राखणदारांचं मानधन कापू नये.

ही रक्कम जिल्हा नियोजन समितीच्या नावीन्यपूर्ण योजनांतून किमान तीन वर्षांसाठी मंजूर व्हावी आणि मानधन दर महिन्याला खात्यात जमा व्हावं. डोमेन पंचायत समित्यांच्या नावावर घेण्याचे आदेश निघावेत. सर्व्हरचे नियम मंत्रालयात न ठरवता १५ ऑगस्टच्या ग्रामसभांपुढे मसुदा म्हणून ठेवावेत आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत मंजूर करून घ्यावेत. मधल्या दीड महिन्यात यंत्र उभं राहतं, मेल सुरळीत होते आणि बाजार समितीचे भाव रोज चढू लागतात. नियमांचा मराठी मसुदा, टॅगची यादी आणि बॅकअपची पद्धत लेखी स्वरूपात आमच्याकडे तयार आहे. खात्याने मागितल्याच्या दिवशी पाठवू.

आपले,
मुक्त सॉफ्टवेअरचं काम करणारे विदर्भातले काही तंत्रज्ञ