झेनच्या नावाखाली भलत्याच गाडीचं रिपेअर मॅन्युअल पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : छापील वर्कशॉप मॅन्युअल आणि त्याची पीडीएफ चुकीची निघाली, पैसे परत किंवा बरोबर पुस्तक मिळण्याबाबत

नमस्कार,

ऑर्डर नंबर, बिल आणि पानांचे फोटो सोबत जोडलेत. चॅटवर दर वेळी नवीन माणूस येतो आणि "मॅडम तुमचा प्रॉब्लेम सांगा" इथून सुरुवात करतो, म्हणून आता एकदाच सगळं लिहून देते, जो कोणी वाचेल त्याने प्लीज शेवटपर्यंत वाचा.

माझ्याकडे १९९७ ची मारुती झेन आहे, पेट्रोल, कार्बोरेटरवाली, एमएच ०४ पासिंगची. बाबांनी घेतलेली गाडी, आरटीओत रीतसर री-पासिंग करून घेतलीये आणि ती मला चालू ठेवायचीये, त्यामुळे "मॅडम एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करता" हा सल्ला तुमच्या एक्झिक्युटिव्हने नाही दिला तरी चाललं असतं. मी सल्ला नाही, पुस्तक विकत घेतलं होतं.

झालं असं की गाडीचं हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं. पाणी कमी व्हायला लागलं, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकटा दिसायला लागला. तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये हेड उतरवलं, रबाळ्याला फेसिंग करून (म्हणजे हेडची खालची बाजू घासून सपाट करून) आणलं, नवीन गॅस्केट पण आलं. आता फक्त बसवायचं राहिलं आणि तिथे गाडी अडली, कारण आमचे मेकॅनिक दादा टॉर्क रेंचशिवाय (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) हेडला हात लावत नाहीत. आमच्या भागात निम्मी गॅरेजं लांब पाना घेऊन "बस झालं" वाटेपर्यंत आवळतात, हा माणूस म्हणतो "ताई, मला आकडा आणून द्या, मी अंदाजाने बसवणार नाही". मला ते पटतं. झेनचं इंजिन पूर्ण ॲल्युमिनियमचं आहे, हेड पण आणि ब्लॉक पण. जास्त आवळलं तर ब्लॉकमधले आटे बोल्टबरोबर बाहेर येतात आणि मग हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) घालत बसा, कमी आवळलं तर गॅस्केट परत जाणार आणि फेसिंगपासून सगळं पहिल्यापासून. गाडीबरोबर मिळालेलं ओनर्स मॅन्युअल माझ्याकडे आहे, पण त्यात टायरची हवा, फ्यूज, ऑइलची ग्रेड असलंच असतं, हेड बोल्टचा टॉर्क नसतो (चॅटवर मला "ओनर्स मॅन्युअल रेफर करा" हेही सांगून झालंय).

म्हणून तुमच्याकडून मागवलं. लिस्टिंगवर स्पष्ट लिहिलंय की झेन, ९९३ सीसी, १९९३ ते २००६ सर्व मॉडेल्स, संपूर्ण टॉर्क चार्टसह. खरं तर "सर्व मॉडेल्स" वाचूनच शंका यायला हवी, कारण १९९८ मध्ये डिझेल झेन आली तिचं इंजिन प्यूजोचं, १५२७ सीसीचं, आणि पेट्रोलमध्येही आधी कार्बोरेटर नंतर एमपीएफआय (फ्यूएल इंजेक्शन), एवढं सगळं एका स्पायरल बाइंडिंगमध्ये कसं मावेल. पण कव्हरवर झेनचा फोटो होता.

फोटो फक्त कव्हरवरच आहे. आत पहिल्याच पानावर स्टिअरिंग डावीकडे. ऑइल क्वार्टमध्ये, तापमान फॅरनहाइटमध्ये. तरी म्हटलं असेल, बाहेरची आवृत्ती असेल. मग दादांनी हेड बोल्ट आवळायच्या क्रमाची आकृती काढली आणि हसायलाच लागले. आकृतीत आठ बोल्ट आहेत, समोर टेबलावर माझं हेड आहे त्याला भोकं दहा! पुढे फायरिंग ऑर्डर, म्हणजे कुठल्या सिलिंडरने कधी पेट घ्यायचा तो क्रम, १-३-२ दिलीये. माझ्या गाडीला सिलिंडर चार आहेत हो, चौथ्याने काय करायचं? पानांच्या तळाला बघितलं तर जिओ मेट्रो लिहिलंय, म्हणजे सुझुकीच्या डिझाइनची ती छोटी गाडी जी अमेरिकेत विकली जायची, तीन सिलिंडरवाली.

यावर तुमचं लेखी उत्तर आलं की "इंजिन कपॅसिटी सेम असल्यामुळे प्रॉडक्ट कंपॅटिबल आहे". सेम आहे, मान्य. त्या तीन सिलिंडरवाल्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ७७, झेनचा बोअर ७२ आणि स्ट्रोक ६१, सिलिंडरच्या संख्येसकट हिशोब करून बघा, दोन्हीकडे ९९३ सीसीच येतं. म्हणून इंजिन एक होत नाही. आडनाव सारखं आहे म्हणून शेजाऱ्याचं आधार कार्ड मला चालत नाही.

आणि समजा मी इंजिनाचं सोडून दिलं, तरी तो टॉर्क चार्ट वापरता येण्यासारखाच नाहीये. स्कॅन करताना वरची ओळ कापली गेलीये, जिथे युनिट लिहिलेलं असतं नेमकी तीच. नुसते आकडे. आता एखाद्या बोल्टपुढे ५४ छापलं असेल तर ते काय समजायचं? न्यूटन मीटर धरलं तर साधारण साडेपाच किलोग्रॅम मीटर होतात, पाउंड फूट धरलं तर ७३ न्यूटन मीटर होतात. लहान बोल्टचे आकडे तर काही वेळा पाउंड इंचात असतात आणि बारा पाउंड इंच म्हणजे एक पाउंड फूट, तिथे घोटाळा झाला तर बोल्ट जागेवर तुटेल. शिवाय आटे कोरडे ठेवायचे की ऑइल लावायचं तेही कळायला हवं, कारण ऑइल लावलं की घर्षण कमी होतं आणि रेंचवर तेवढाच आकडा दिसत असताना बोल्ट जास्त ताणला जातो. हेड एकदम न आवळता मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळायचं असतं, त्या टप्प्यांचं पान तर तुमच्या पुस्तकात अर्धंच आहे. आकडाच नसता तर दादा थांबले असते. चुकीचा आकडा छापील पुस्तकात आहे म्हणून एखादा मेकॅनिक तो खरा मानून आवळेल, आणि बिल गाडीवाल्याच्या डोक्यावर.

मला काय हवंय ते सांगते. एक तर झेनच्या पेट्रोल कार्बोरेटर इंजिनाचं पूर्ण वर्कशॉप मॅन्युअल पाठवा, युनिटसकट, आकृतीत दहा बोल्ट असलेलं. ते नसेल तर युरोपात नव्वदच्या दशकात हीच गाडी सुझुकी आल्टो म्हणून विकली जायची, तिचं सर्व्हिस मॅन्युअल चालेल, पण ते पाठवायच्या आधी इंजिनाचा कोड जी१०बी आहे हे बघून घ्या. आणि कृपा करून आपल्याकडच्या २००० नंतरच्या आल्टोचं पाठवू नका, ती गाडी वेगळी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणजे परत आठ बोल्ट. दोन्ही जमत नसेल तर पूर्ण १,४९९ रुपये परत करा. कूपन नको, वॉलेटमध्ये नको, ज्या खात्यातून गेले तिथेच.

"पीडीएफ लिंक ओपन केल्यावर रिफंड नाही" हे वाक्य परत पाठवू नका. लिंक उघडल्याशिवाय आत भलतीच गाडी आहे हे मला कळणार कसं? ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये स्पष्ट आहे की जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नाही म्हणता येत नाही. त्याच नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात असंही आहे. पोच अजून आलेली नाही. नाहीच आली तर मी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवणार आणि नंतर ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथेच केस टाकता येते आणि पाच लाखांपर्यंत फी पण नाही, त्यामुळे १,४९९ साठी कोण जातंय असं समजू नका.

आणि ते लिस्टिंग आधी उतरवा. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने राइट टू रिपेअर पोर्टल काढलं, त्यात गाड्याही आहेत, चांगलंच आहे, पण पंचवीस वर्षं जुन्या गाडीवाल्याला अजूनही रद्दीवाला, ओळखीचा जुना मेकॅनिक आणि तुमच्यासारखी दुकानं यांच्याच भरवशावर राहावं लागतं. आज सकाळी बघितलं तेव्हा ते पुस्तक विक्रीला होतंच, वर "फक्त २ शिल्लक" अशी लाल पट्टी. ती दोन पुस्तकं ज्यांना जाणार आहेत त्यांच्याही गाडीला बोल्ट दहाच आहेत.

गॅरेजवाल्यांनी माझ्या गाडीसाठी जागा अडवून ठेवलीये, हेड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलंय, त्यामुळे उत्तर लवकर द्या आणि मेलवरच द्या, चॅटवर नको.

आपली ग्राहक,
कोपरखैरणे, नवी मुंबई

सोबत : बिल, लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, आठ बोल्टच्या आकृतीचं पान, माझ्या हेडचा फोटो (भोकं मोजून घ्या)